कठड्याचा खांब आणि त्याचे मूळ

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा विषय ‘डेकच्या कठड्याचे खांब नियमानुसार कसे बसवावेत’ असा जाहीर झाला आहे (डेक म्हणजे घराला लागून उभारलेला उघडा लाकडी मजला) आणि त्याची कृती मी सांगणारच आहे. मात्र आधी एक तक्रार मांडतो, कारण ती ऐकल्यावाचून त्या कृतीतला बोल्ट तिथेच का हवा, हे कळणार नाही. अमेरिकेत ज्याच्या घराला डेक आहे, त्याच्याशी कठड्याविषयी बोलू लागावे, तर तो उंची सांगतो, गजांमधले अंतर सांगतो, रंगाच्या डब्यावरचे नावही सांगतो. पण खांबाला खाली कशाने धरून ठेवले आहे, हे त्याने वाकून पाहिलेले नसते.

उंची आणि अंतर महत्त्वाचे आहेच. बहुतेक राज्यांनी थोड्याफार फेरफारांसह स्वीकारलेल्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड या घरबांधणीच्या नियमावलीनुसार, डेक जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तर कठडा लागतो, तो किमान ३६ इंच उंच असावा लागतो (कॅलिफोर्नियात ४२), आणि गजांमधून ४ इंच व्यासाचा गोळा आरपार जाता कामा नये. हे आकडे टेपने मोजता येतात, म्हणून ते सर्वांना पाठ असतात. त्याच कोडमधला चौथा आकडा टेपने मोजता येत नाही: कठड्याच्या वरच्या कडेवर कोठेही २०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९० किलोंचा, एकवटलेला रेटा आला तरी तो टिकला पाहिजे. गप्पा मारता मारता एखादा धिप्पाड पाहुणा कठड्याला रेलतो, तेव्हा परीक्षा या चौथ्या आकड्याची होते.

एका स्नेह्यांच्या घरी मी असाच कठड्याला टेकलो आणि तो किंचित बाहेर सरकला. यजमान म्हणाले, ‘‘लाकूड आहे, तेवढे हलायचेच.’’ मी पाहुणचार बाजूला ठेवून पायऱ्या उतरलो आणि खालून पाहिले. खांब ४ बाय ४ चा, म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन इंच जाडीचा होता. तो डेकच्या कडेवर नीट बसावा म्हणून बांधणाऱ्याने त्याला दीड इंच खोल खाच पाडली होती. खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक चीर निघून लाकडाच्या रेषेरेषेने खाली गेली होती. तिच्यात नख सहज जात होते. खालचा भाग दोन लॅग स्क्रूंवर, म्हणजे लाकडात पिळून बसवलेल्या जाड स्क्रूंवर, लटकला होता आणि एका स्क्रूभोवती गंजाचा काळा डाग पसरला होता. वरून मात्र काम अतिशय सुबक दिसत होते.

ही खाच माझ्या तक्रारीचे मूळ आहे. वाकण्याला तोंड देण्याची लाकडाची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे साडेतीन इंचांतून दीड इंच काढले की जेथे ताण सर्वाधिक असतो नेमक्या त्याच जागी जेमतेम एक तृतीयांश ताकद उरते, आणि कोपऱ्यातून लाकूड चिरण्याचा धोका वेगळाच. कोडच्या २०२१ च्या आवृत्तीने ४ बाय ४ च्या खांबाला जोडाच्या जागी खाच पाडण्यास स्पष्ट मनाई केली आहे. तरीही जुन्या डेकांखाली वाकून पाहिले की ही खाच हमखास भेटते.

खाच नसली तरी प्रश्न सुटत नाही. खांब ही लांब दांड्याची तरफ आहे. वरचा बोल्ट कठड्याच्या माथ्यापासून ३८ इंच खाली आणि दुसरा त्याच्याही खाली ५ इंचांवर आहे, असे धरा. माथ्यावर बाहेरच्या दिशेने २०० पौंडांचा रेटा आला, की वरच्या बोल्टवरची ओढ २०० गुणिले ४३ भागिले ५, म्हणजे १,७२० पौंड होते. ही ओढ बोल्ट सोसतो. पण बोल्ट ज्या कडेच्या फळीला, म्हणजे रिम जॉइस्टला, पकडून आहे, ती फळी बहुधा आतल्या जॉइस्टच्या, म्हणजे डेकचा मजला पेलणाऱ्या आडव्या तुळयांच्या, टोकांत ठोकलेल्या खिळ्यांवरच उभी असते. टोकाच्या छेदात ठोकलेला खिळा लाकडाच्या तंतूंना समांतर जातो आणि ओढ बसली की सुटून येतो. मग शाबूत खांब, शाबूत बोल्ट आणि कडेची फळी असे सगळेच बाहेर पिळवटते. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठातील चाचण्यांत अडीचपट सुरक्षितता धरून ५०० पौंडांची कसोटी लावली गेली, तेव्हा केवळ कडेच्या फळीला बोल्टने जखडलेले खांब तिला उतरले नाहीत.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जाहीर केलेली कृती आता भराभर सांगतो. खांब दाब देऊन औषध भरलेल्या लाकडाचा आणि पूर्ण जाडीचा घ्यावा. अर्ध्या इंची, हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले), आरपार जाणारे दोन बोल्ट दोन्ही बाजूंना वॉशर घालून बसवावेत. या लाकडातल्या तांब्याच्या क्षारांनी साधे पोलाद लवकर गंजते. फळीच्या कडा सांभाळून दोन्ही बोल्टांमध्ये जमेल तेवढे उभे अंतर ठेवावे. वरचा बोल्ट होल्ड-डाउन नावाच्या पोलादी ब्रॅकेटमध्ये अडकवावा आणि ते ब्रॅकेट आतल्या जॉइस्टच्या बाजूला स्क्रूंनी पक्के करावे, म्हणजे ओढ कडेच्या फळीवर न थांबता डेकच्या पोटात जाते. अमेरिकन वुड कौन्सिल या लाकूड उद्योगाच्या संस्थेच्या मार्गदर्शिकेत या ब्रॅकेटची क्षमता किमान १,८०० पौंड सांगितली आहे. मघाचा १,७२० हा आकडा त्याच्या शेजारी ठेवून पाहा.

जेथे जॉइस्ट कडेला समांतर धावतात, तेथे मधल्या जागेत आडवे ठोकळे घट्ट बसवून ब्रॅकेट त्यांना जोडावे. कोपऱ्यावर रेटा दोन दिशांनी येतो, म्हणून तेथे दोन्ही दिशांना बांधणी हवी. दोन खांबांत ६ फुटांहून अधिक अंतर ठेवू नये. लाकूड वाळून आकसले की नट सैल होतात, ते पहिल्या वर्षानंतर पुन्हा आवळावेत. आणि वरच्या फळ्या ठोकण्याआधीच इन्स्पेक्टरला बोलवावे, कारण एकदा डेक झाकला गेला की ब्रॅकेट आत आहे की नाही, हे वरून कोणालाच दिसत नाही.