लेन्स आणि बावीचं पाणी

नमस्कार मंडळी. चतुर्थी जवळ आली, चाकरमानी यायला लागतील, त्यांच्या पोरी डोळ्यात लेन्स घालून येणार, म्हणून आज हा विषय.

आमच्या देवगडकडच्या घरी एका चतुर्थीला माझी भाची आली होती ठाण्याहून. दुसऱ्याच दिवशी तिचं लेन्सचं सोल्युशन संपलं, सणाचं मेडिकल बंद, आणि आजी म्हणाली, "आमच्या बावीचा पाणी काचेसारखा हा, घाल गो त्यातच." खरंच विहिरीचं ते नितळ पाणी, सगळे तेच पितो. तिनं डबीत ते भरलं, रात्री लेन्स त्यात, सकाळी डोळ्यात. आरत्या झाल्या, विसर्जन झालं, पोरगी परत गेली आणि मग डोळा लाल, उजेड सोसेना, खिडक्यांना चादरी लावून बसायची. लाली तशी थोडीच, पण ठणका असा की रात्रभर रडायची. पहिल्या डॉक्टरांनी व्हायरस समजून थेंब दिले, फरक शून्य. शेवटी कॉर्नियाच्या डॉक्टरांनी बुबुळावरचं जरासं खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितलं तेव्हा कळलं, अकॅन्थअमिबा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव. दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा, घरातले अलार्म लावून आळीपाळीनं उठायचे, पुढे कित्येक महिने औषध. डोळा वाचला, पण बुबुळावर वण राहिला.

आता ती चष्माच लावते, आणि छान दिसते. बघायला येणारेत म्हणून पोरीचा चष्मा काढायला लावतात ना, त्याचा मला मनापासून राग येतो.

तर हा अमिबा विहिरीत, नळात, समुद्रात, मातीत, सगळीकडे असतो. लेन्समुळे बुबुळावर बारीक ओरखडे येतात, तिथून शिरतो, आणि कवच करून बसला की क्लोरीनलाही दाद देत नाही. आजार दुर्मिळ आहे, पण लेन्सला पाणी नको. बावीचं नको, नळाचं नको, थुंकी तर नकोच. तारकर्लीला पाण्यात उतरताना लेन्स काढा, लेन्स घालून झोपू नका. डबीतल्या जुन्या सोल्युशनमध्ये नवीन ओतू नका, २००६ साली फ्युजेरियम बुरशीनं लेन्सवाल्यांचे डोळे बिघडले आणि एक सोल्युशन जगभरातून मागे घ्यावं लागलं, त्यात ही सवयसुद्धा नडली होती.

आणि भाताची लावणी करणाऱ्यांनो, तुम्हीपण ऐका, आपल्या देशात हा अमिबा लेन्स न घालणाऱ्यांनाच जास्त होतो, चिखल नाहीतर घाण पाणी डोळ्यात उडून. डोळा ठणकला तर मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नका, दुखणं दबतं आणि आत वाढत राहतं. डॉक्टरकडे जा, लेन्सवाल्यांनी लेन्स आणि डबी सोबत न्या, धुऊन नाही, आहे तशीच, त्यातलं पाणीही तपासता येतं.