क्लोरीनचा वास आला म्हणजे टेबल स्वच्छ झालं का?

(दृश्य: मालीम जेटी, सकाळ. ट्रॉलरवरून क्रेट उतरतायत.)

गोव्यात मालीम म्हणा, कुटबण म्हणा, जेटीला ट्रॉलर लागला की बांगडे, माणक्या (स्क्विड), सुंगटं (कोळंबी) बर्फात घालून निघतात, काही बाजारात, काही प्रोसेसिंगला. तिथे शिफ्ट संपली की स्टीलची टेबलं, सुऱ्या, बेल्ट सगळ्यावर पाईप मारतात, क्लोरीनचा वास सुटतो आणि आपल्याला वाटतं, झालं काम.

(दृश्य: टेबलाचा क्लोजअप, सुरीचे ओरखडे.)

पण मासळीच्या प्रोटीनचा, चरबीचा पातळ थर डोळ्यांना दिसत नाही, तो तिथंच असतो. बॅक्टेरिया आधी त्यावर नुसते टेकतात, तेव्हा घासलं तर सुटतातही. तसंच ठेवलं की काही तासांत घट्ट चिकटतात आणि स्वतःभोवती गर तयार करतात, साखरेच्या लांब साखळ्या, प्रोटीन, थोडा डीएनए असा सगळा बुळबुळीत मामला. ही बायोफिल्म. पावसात अंगणातल्या चिऱ्यांवर पाय घसरतो ना, ती बुळबुळपण बायोफिल्मच, फक्त ती दिसते आणि ही दिसत नाही.

आता क्लोरीनचं काय होतं, तर तो वरच्या घाणीशी आणि गराशीच भांडून संपतो, आतले जंतू मजेत. म्हणजे न घासता नुसतं क्लोरीन ओतणं हे माझ्या मते पैसे गटारात ओतणं आहे.

(दृश्य: कोल्ड रूमचं दार, रबरी गॅस्केट.)

सगळ्यात चिवट जंतू लिस्टेरिया. 4 अंश सेल्सिअसलाही वाढतो, त्यामुळे कोल्ड रूमवर भिस्त ठेवून चालत नाही. त्याला आवडतात गॅस्केटच्या फटी, बेल्टचे सांधे, जमिनीवरचं ड्रेन. आणि ड्रेनमध्ये जोरात पाणी मारू नका हां, तुषार उडून तेच जंतू परत टेबलावर येतात! सुंगटांच्या बाबतीत व्हिब्रिओ नावाचा जंतूपण आहे, तो तर सालातल्या कायटिनलाच, म्हणजे साल ज्या कडक पदार्थाची असते त्यालाच, चिकटतो.

2008 साली कॅनडात थंड मांसाच्या कापांमधून लिस्टेरिया पसरला, 20 च्या वर माणसं दगावली. कापायची मशीनं नियमित धुतली जायची, पण नंतर पार खोलली तेव्हा आत खोलवर मांसाचे कण साचलेले निघाले.

(दृश्य: कामगार ब्रशने टेबल घासतायत.)

मग करायचं काय, तर आधी कण खरवडून काढा, पाणी मारा, अल्कली डिटर्जंट लावून ब्रशने घासा, परत धुवा आणि मग शेवटी क्लोरीन. पहिलं पाणी उकळतं नको, प्रोटीन शिजून स्टीलला आणखी घट्ट बसतं. ओरखडे पडलेले प्लास्टिकचे बोर्ड सरळ बदला, त्या चिरांत ब्रश पोचतच नाही.

(दृश्य: जून महिना, जेटीला बांधलेले ट्रॉलर.)

गोव्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी. बेल्ट उतरवून, मशीन सुटी करून, जुनी गॅस्केटं काढून नवी बसवायला याहून बरा वेळ कुठला मिळणार?