कुंडीतला वड आणि सत्तरीची मावशी

श्रोतेहो, नमस्कार. बोन्सायची पानं पिवळी पडली, त्याने मान टाकली, की आपण काय करतो? तांब्याभर पाणी ओततो. मीही तेच केलं.

माझा वड बारा वर्षांचा. त्या वर्षी गणेश चवथीआधी घराला रंग दिला. कुंड्या पडवीत आल्या आणि लादी खराब नको म्हणून त्यांच्याखाली ताटल्या. पागोळ्या थेट त्या ताटल्यांत! आपल्या गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, वर माझा तांब्या.

चवथीच्या आदल्या दिवशी सत्तरी तालुक्यातली मावशी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळाफुलांच्या मांडवीचं, सामान घेऊन आली. आंबाडे, ओल्या सुपारीचा घड, कांगणं. (हल्ली माटोळीला प्लास्टिकची फळं टांगतात. देवालाही प्लास्टिकच दाखवायचं, तर मग नैवेद्य तरी खरा कशाला? असो.) तिने पिशवी खाली ठेवली आणि वडाचं खोड दोन बोटांनी हलवलं. ते डुगडुगलं. माती हुंगून म्हणाली, "अरे, हा तहानलेला नाही, बुडालाय!" खाडीकाठच्या खाजन शेतातल्या चिखलाचा वास येत होता.

वड उपटला. मुळं काळी, शिजल्यासारखी मऊ. चिमटीत धरून ओढलं की साल हातात, आत नुसता दोरा. मावशीने कात्री प्रत्येक कापाला स्पिरिटने पुसत, पांढरं, टणक मूळ लागेपर्यंत सगळं छाटलं. मुळं कमी उरली म्हणून पानंही कमी केली. चिऱ्याचे बारीक खडे चाळून धूळ काढली, त्यात वड लावला, तारेने बांधला. सावली. खत नाही.

पुन्हा सांगतो. पानं मरगळलेली आणि माती ओली, तर पाणी नाही. माती ओली, तर पाणी नाही. केरसुणीचा हीर मातीत खोचा, थोड्या वेळाने काढून बघा. ओला निघाला तर तांब्या खाली. पाणी वरच तुंबत असेल तर कुंडीचं भोक बघा. भोक मोकळं असेल तर बहुधा मुळं गच्च झालीत. वडाची कुंडी तेव्हा पावसाच्या तोंडावर बदला.

तुळशीच्या लग्नाला पहिला लालसर कोंब दिसला. मावशीला फोन केला. ती म्हणाली, "ते राहू दे. ताटल्या टाकल्यास ना?"

एकीत आमचं मांजर दूध पितं.