शीर काढली, मग पायाला रक्त कुठून मिळणार?

नमस्कार, श्रोतेहो.

पायावर दोरखंडासारख्या फुगलेल्या निळ्या शिरा, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स. ऑपरेशनचं नाव काढलं की रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘डॉक्टर, शीरच काढली तर पायाला रक्त कुठून मिळणार?’ ही भीती रास्त आहे, म्हणून आज तिच्याबद्दलच बोलतो.

पायाला रक्त पुरवतात त्या धमन्या. शिरा ते रक्त परत हृदयाकडे नेतात, आणि त्यातलंही बहुतेक काम स्नायूंमधल्या खोल शिरा करतात. शिरांमध्ये रक्त मागे येऊ न देणाऱ्या झडपा असतात; त्या निकामी झालेली कातडीखालची शीर तर वर चढलेलं रक्त पुन्हा खाली सोडत असते.

आपण स्तब्ध उभे असलो की पावलाच्या शिरेत ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. निरोगी माणूस चालू लागला की पोटरी रक्त वर ढकलते आणि दाब ३० च्या आसपास उतरतो. झडपा गळत असतील, तर चालूनही तो पुरेसा उतरत नाही. सगळा भार येतो कातडीतल्या केशवाहिन्यांवर.

आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. अशा पायाच्या घोट्याजवळ लेझर डॉपलरनं, म्हणजे लेझरच्या प्रकाशानं कातडीतला रक्तप्रवाह मोजणाऱ्या यंत्रानं मोजलं, तर कातडीतला रक्तप्रवाह बहुधा वाढलेलाच दिसतो! निरोगी पायात उभं राहताच कातडीतल्या बारीक धमन्या आकसतात आणि येणारं रक्त आवरतात. आजारी पायात हा आवर सुटतो. केशवाहिन्या वेटोळ्या होतात, काही बंदच पडतात. रक्त तुंबलेलं, पण कातडी उपाशी. तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, त्यांतलं लोह साठून तपकिरी डाग पडतात, कातडी लाकडासारखी घट्ट होते. मग खाजवल्याचा एक ओरखडासुद्धा महिनोन्महिने भरत नाही.

गळकी शीर काढली किंवा लेझरनं बंद केली की दाब उतरतो, ते आकसणं सुधारतं आणि कातडीतला वाढलेला प्रवाह कमी होऊ लागतो. हे कमी होणं चांगलंच. ब्रिटनमधल्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात नुसत्या दाबपट्ट्या बांधलेल्यांपैकी २८ टक्के रुग्णांची जखम वर्षभरात पुन्हा उघडली. जोडीला ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं.

जुने डाग मात्र पूर्ण जातीलच असं नाही. नडगीच्या आतल्या बाजूला बधिरपणा जाणवला, तर तो बहुधा मज्जातंतू दुखावल्यामुळे असतो, रक्त कमी पडल्यामुळे नव्हे. खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हे आधी सोनोग्राफीनं पाहायलाच हवं.

ऑपरेशननंतरही कुणी तोच प्रश्न विचारला, तर मी त्यांचं बोट त्यांच्याच पावलाच्या वरच्या भागावर ठेवतो. तिथे धमनीचा ठोका लागतो, ऑपरेशनच्या आधी लागत होता तसाच.