बुजऱ्या मांजराला घर लहान करून द्यावे

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो, पत्रिकेत आजचा विषय ‘वाचवून आणलेल्या मांजराचे पहिले चार आठवडे’ असा छापला आहे आणि त्या चारही आठवड्यांकडे मी येणार आहे. त्याआधी मला एक मत मांडू द्यावे, कारण ते मांडता यावे म्हणूनच मी या वाचनालयाचे निमंत्रण स्वीकारले. बुजरे मांजर नव्या घरात रुळत नाही तेव्हा आपण माया कमी पडली असे समजतो आणि मायेचा मारा वाढवतो. पशुधन पर्यवेक्षक म्हणून गावोगावी फिरताना मला वारंवार जे दिसले ते असे, की त्या जिवाला एकाच दिवसात फार मोठे घर आणि त्या घरात फार माणसे मिळालेली असतात.

व्यालेल्या मांजरीला हे आपल्यापेक्षा चांगले कळते. मांजर पिलांना सात घरे दाखवते असे आपण म्हणतो. ती घरे कोणती असतात, ते एकदा निरखून पाहावे. माळ्याचा अंधारा कोपरा, कुटाराच्या ढिगामागची सापट, कोठ्यातली मोडकी बंडी, तुरीच्या पोत्यांआडची जागा. पिलांना बैठकीच्या मधोमध आणून ठेवणारी मांजर माझ्या साऱ्या नोकरीत मला आढळली नाही. मांजर शिकार करते, पण ते आकाराने लहान असल्यामुळे स्वतःही कुणाची तरी शिकार होऊ शकते. म्हणून अनोळखी जागी ते आधी आडोसा शोधते, मग वास घेते, मग आवाजांची ओळख करून घेते आणि माणसाचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो. नेदरलँड्समधील एका आश्रयगृहात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपण्यासाठी खोके दिले आणि काहींना दिले नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खोकेवाल्या मांजरांवरचा ताण पहिल्या काही दिवसांतच कमी झालेला दिसला. खोके पुठ्ठ्याचे असले तरी चालते, त्यामुळे आपल्याकडे किराणा दुकानात ते फुकट मिळते आणि अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरा एक गैरसमजही येथेच दूर करतो. मांजर लपले की घरातले कोणीतरी हमखास म्हणते, ‘याले कोणं तरी मारलं असन.’ मारलेही असेल. परंतु पिलू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असताना त्याला माणसाचा हात लागला नाही, तर कोणी काठी न उगारताही ते जन्मभर माणसाला बिचकू शकते. अशा मांजराची कीव करून उपयोग नसतो. त्याला वेळ लागतो, आणि काही मांजरे मांडीवर कधीच बसत नाहीत, हे आधीच मान्य करून ठेवावे.

आता रुईची हकीकत. वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या मावसबहिणीच्या मुलाने हंगाम संपल्यावर एका जिनिंगच्या आवारातून एक पांढरी मांजर आणली. कापसाच्या गंजीत वाढलेली, अंगावर हाडे मोजून घ्यावीत अशी आणि माणूस दिसला की भिंतीत शिरू पाहणारी. मुलाने तिला सुतळी पोत्यात घालून मोटारसायकलवर आणले. येथे मला थांबून सांगितले पाहिजे, की पोते हे मांजर दूरवर सोडून देण्याचे आपले परंपरागत साधन आहे. आणताना तरी बांबूच्या दोन टोपल्या तोंडाला तोंड लावून बांधाव्यात किंवा भाजीचे प्लास्टिकचे कॅरेट फडक्याने झाकून घ्यावे. असो. मांजर घरी पोहोचताच मुलगी पाहण्याचा कार्यक्रम सुरू झाला. शेजारच्या बाया आल्या, समोरच्या घरची मुले आली, दूध घालणारा आला. ‘कुठं हाये व तुयी मांजर? दाखव न!’ असे म्हणत जो तो पलंगाखाली वाकून पाहू लागला. एकाने बॅटरी मारली, एकीने दुधाची वाटी काठीने आत सरकवली आणि कोणीतरी शेपटी धरून तिला बाहेर ओढण्याचा उपाय सुचवला. दारू न पिता सुचवला, हे त्या माणसाला ओळखणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो.

रुई पलंगाखालून निघाली ती भिंतीवरून थेट आढ्यावर. मग शिडी आली, बांबू आला, आणि कवेलूवर चढून तिला वरून हुसकावणारा एक उत्साही जावईही आला, ज्याच्या पायाखाली फुटलेली कवेलू पुढल्या पावसाळ्यापर्यंत तशीच गळत राहिली. रात्री सगळे दमून झोपले तेव्हा ती खाली उतरली, ठेवलेले खाल्ले आणि पुन्हा वर गेली. माझ्या बहिणीने मला फोन केला तेव्हा मी एवढेच सांगितले, की घरातल्या सर्वांनी मांजर आणलेलेच नाही असे वागावे. हे सर्वांत अवघड पथ्य ठरले, कारण आपल्याकडे पाहुण्याला विचारपूस न करता बसू देणे हा अपमान समजतात.

हे पथ्य पाळणारे घरात एकटे आबाजी निघाले, आणि तेही मांजरांविषयी त्यांना काडीचे अगत्य नव्हते म्हणून. आबाजी रोज सकाळी त्या खोलीत भिंतीला टेकून मोठ्याने वर्तमानपत्र वाचतात. निधनवार्ता, हवामान, बाजारभाव. माणसाच्या एकसुरी, मुद्दाम आपल्याला उद्देशून नसलेल्या आवाजाची मांजराला सवय होते. शिवाय बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा लहान दिसतो आणि कागदाआड त्याची नजरही रोखलेली नसते. रुई आधी आढ्यावरून ऐकू लागली, नंतर कणगीच्या टोपणावरून. फक्त कापसाच्या भावाची बातमी आली की आबाजींचा आवाज चढे आणि मांजर पुन्हा वर पळे. मी त्यांना हात जोडून सुचवले, की महिनाभर केवळ अग्रलेख वाचावेत. येथे पत्रकार मंडळी बसली आहेत. त्यांनी राग मानू नये, अग्रलेखाने तिला झोप लागली आणि निर्धास्त झोप ही मांजराने दिलेली मोठीच पावती असते.

शहरातले लोक सांगतात, मांजराला एका खोलीत ठेवा. फ्लॅटमध्ये दार लावले की काम झाले. आपल्या मातीच्या घरात दार लावले तरी भिंत आणि कवेलू यांच्यामधली फट उघडीच असते. त्या दृष्टीने घरकुल योजनेतली स्लॅबची खोली उत्तम; ती मंजूर करणाऱ्यांच्या मनात मांजर नसणार, पण तिचे भले झाले. जुन्या घरात कोठीची खोली निवडावी आणि वरची फट जाळीने किंवा बारदानाने बंद करावी. मात्र त्याच खोलीत आपण फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे ठेवतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. मांजर तर अंगाला लागलेले सारे चाटून पोटात घेते. उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइडही तितकेच घातक आहे, कारण ते खाल्लेला उंदीर मांजराच्या तोंडी लागतो. हे सर्व आधी बाहेर काढावे. खोली फिनाईलने मात्र धुऊ नये. ते मांजराला अपायकारक आहे. मांजर असेपर्यंत ती खोली सारवूही नये, कारण गाल घासून तिने लावलेला स्वतःचा वास सारवणाखाली जातो आणि ओळखीची झालेली जागा तिला पुन्हा परकी वाटते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. आज थ्री-फेज लाइन रात्रीची असल्यामुळे हरभऱ्याला पाणी द्यायला निघणाऱ्यांना मला अडवता येणार नाही, तेव्हा चार आठवडे चार मिनिटांत सांगतो.

पहिल्या आठवड्यात खोके, पाणी, अन्न आणि बारीक चाळलेल्या कोरड्या मातीने भरलेले घमेले एवढेच असावे. घमेले अन्नापासून दूर ठेवावे. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही आणि पोटात मांस गेल्याशिवाय मांजराचे भागत नाही, त्यामुळे माळकरी घराने पाकिटातल्या अन्नाची तयारी ठेवावी. लपलेले मांजर रात्री खात असेल तर काळजी नको. पण दोन दिवस तोंडाला काहीच लावले नाही तर दवाखाना गाठावा, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतते. तापाची माणसांची पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नये, ती मांजराला विषासारखी आहे.

दुसऱ्या आठवड्यात रोज ठरलेल्या वेळी जमिनीवर आडवे तोंड करून बसावे. नजर मिळाली तर डोळे हळूच अर्धवट मिटून उघडावेत. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात अशा माणसाकडे मांजरे अधिक सहज आली. हात पुढे करून थांबावे, वास घेऊन तिने गाल घासला तरच गालाला स्पर्श करावा. त्या हातावरच चावली किंवा बोचकारली, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना न भरता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लसीचे विचारावे.

तिसऱ्या आठवड्यात खोलीचे दार उघडे ठेवावे आणि ती कुठवर जाते ते तिलाच ठरवू द्यावे, परतीची वाट मात्र कोणी अडवू नये. घरातल्या कुत्र्याची भेट आधी एकमेकांच्या अंथरुणाच्या वासाने घडवावी. फटाके संपेपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, मांजर आणूच नये. तिला ८५ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि आपले कान २० च्या आसपास थांबतात.

अंगणाची घाई करू नये. चौथ्या आठवड्यानंतरही पहिल्यांदा सोडताना जेवणाआधी, भूक लागलेली असताना सोडावे, म्हणजे वाटीचा आवाज ऐकून ती परत येते. त्याआधी लसीकरण आणि नसबंदी दोन्ही व्हायला हवीत, कारण मांजर पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत आपल्याला पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करावी लागते. शस्त्रक्रियेची सोय प्रत्येक दवाखान्यात नसते. आधी फोन करून विचारावे आणि किती तास उपाशी ठेवून आणायचे, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.