अॅम्ब्युलन्स येईपर्यंत गावानं काय करायचं? | नागपूर जिल्ह्यातल्या गावांसाठी

नमस्कार.

१०८ ला फोन लावला की गाडी निघते, हे आता गावागावात ठाऊक आहे आणि ती फार मोठी सोय आहे. पण फोन ठेवल्यापासून गाडी दारात लागेपर्यंत जो वेळ जातो, तेवढा वेळ गाव एकटंच असतं. कुही, भिवापूर, पारशिवनी, नरखेडच्या आतल्या गावांत हा वेळ कमी नसतो, आणि नाल्याला पूर असला तर त्याचा हिशेबच नाही. आजचा व्हिडिओ फक्त या मधल्या वेळेबद्दल आहे.

राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आपल्या नागपुरात आहे. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, अकादमी नागपुरात आहे. संकटात कसं वागायचं हे शिकायला देशभरातून अधिकारी इथं येतात. आणि त्याच जिल्ह्यातल्या एखाद्या गावात रात्री कोणाला साप चावला, तर गाडी कोणाची काढायची आणि चावी कोणाकडे आहे, यातच वेळ जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हे सुधारायला पैसा लागत नाही. एक बैठक लागते आणि एक कागद लागतो.

(कागद कॅमेऱ्यासमोर धरून)

हा तो कागद. सगळ्यात वर, रात्री गाडी कोणाची आणि चालवणार कोण. इथं दोन नावं हवीत, कारण पहिला माणूस नेमका त्या दिवशी लग्नाला गेलेला असतो. त्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर, पोलीस पाटलांचा, लाइनमनचा, आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. शाळेची चावी कोणाकडे, कारण पुरात लोकांना तिथंच न्यायचं असतं. आणि मग सर्वात महत्त्वाचा रकाना: कोणत्या घरातलं माणूस स्वतःहून उठून चालू शकत नाही. अंथरुणाला खिळलेले आजोबा, दिवस भरत आलेली बाई, डोळ्यांनी न दिसणारी एखादी म्हातारी. ही माहिती गोळा करत फिरायची गरज नाही, बरीचशी आशाताईच्या रजिस्टरमध्ये असते. म्हणून कागद भरायला बसाल तेव्हा पहिली खुर्ची तिला द्या. सरपंच नंतर आले तरी चालेल.

कागदावर गावाचं नाव तालुक्यासकट लिहा. पिपळा डाकबंगला सावनेर तालुक्यात आहे आणि पिपळा केवळराम नरखेडमध्ये. घाबरलेला माणूस फोनवर नुसतं "पिपळ्याहून बोलतो" म्हणतो. गाव, तालुका, कोणत्या फाट्यावरून आत वळायचं, हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा, म्हणजे दहा वर्षांचं पोरगंही वाचून सांगेल. आणि फोन झाला की एक जण टॉर्च घेऊन फाट्यावर जाऊन उभा राहिला पाहिजे. त्याचंही नाव कागदावर हवं.

आता साप. या विषयावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, हे आपले चार मुख्य विषारी साप. दवाखान्यात जी सापाची लस देतात ती या चारही सापांवर चालते. म्हणून साप शोधत बसू नका, मारून पिशवीत घालून आणू नका. त्या नादात दुसऱ्यालाही चावतो.

यातला मण्यार मला सर्वात जास्त काळजीचा वाटतो. तो रात्री फिरतो, घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा खूणही सापडत नाही. सूज नाही, फारसं दुखतही नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात दुखतं म्हणून. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं असेल, ओवा दे. तासाभरात पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही, जीभ जड होते, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकतात. म्हणून नीट लक्षात ठेवा: पावसाळ्यात खाली झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखीनं उठलं आणि त्याच्या पापण्या उचलत नसतील, तर सापच चावला असं धरून गाडी काढा. आणि खाटेवर झोपा, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून. इतक्या साध्या गोष्टीनं जीव वाचतो.

चावल्यावर काय करायचं? बांगड्या, जोडवी, अंगठी, पायातला काळा दोरा आधी काढा, सूज चढली की ते सगळं मांसात रुततं. वर दोरी आवळू नका, ब्लेड लावू नका, तोंडानं ओढू नका. हाताला किंवा पायाला सरळ काठी लावून ओढणीनं सैलसर बांधा, म्हणजे तो हलणार नाही. माणसाला चालवू नका. चारचाकी नसेल तर मोटरसायकलवर चालवणारा पुढे, मागे धरणारा, मधे रोगी. उलटी होत असेल किंवा गुंगी येत असेल तर कुशीवर ठेवा.

आणि झाडणाऱ्या बाबांबद्दल. तो आपल्याच गावातला माणूस असतो, लोकांचा त्याच्यावर विश्वास असतो. त्याच्याशी भांडून काही मिळत नाही. आशाताई आणि सरपंचांनी आजच त्याच्याकडे जावं आणि सांगावं, "काकाजी, तुमच्याकडे कोणी आलं तर तुम्हीच त्याले गाडीत बसवून द्या. लोक तुमचं आयकतात." मला तरी हाच रस्ता खरा वाटतो.

आरोग्य केंद्रात जाऊन तीन गोष्टी आधी विचारून ठेवा: लस शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, आणि नसतील तर कुठं न्यायचं. उत्तर "मेडिकलला न्या" किंवा "मेयोला न्या" असं, म्हणजे नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यांचं असेल, तर तेही कागदावर लिहा. रात्री दोन वाजता बंद दारावर थाप मारण्यापेक्षा हे दिवसाउजेडी कळलेलं बरं.

आता वीज. पेरणीच्या दिवसांत आणि पुन्हा सोयाबीन काढणीला, पाऊस परतताना, वावरात माणसं असतात आणि आभाळ दुपारून भरतं. पाऊस आला की सगळे धुऱ्यावरच्या मोहाखाली, बाभळीखाली जमा होतात. तिथंच घात होतो. चमक दिसल्यावर आकडे मोजा. तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. जवळ घर नसेल तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून लांब, एकमेकांत अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा. झोपू नका.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं दामिनी नावाचं अॅप केलं आहे, ते आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. पण निंदणाला गेलेल्या बायकांचे फोन बहुधा घरी नाहीतर पिशवीत असतात. म्हणून गावात एका मुलाकडे हे काम द्या: दामिनी बघायचं आणि वावरातल्या टोळीच्या मुकादमबाईला फोन करायचा. तिनं उठा म्हटलं की उठायचं, आणि त्या अर्ध्या तासाची मजुरी कापायची नाही. हे बैठकीत मालकांसमोर ठरलं पाहिजे, नाहीतर कोणी उठणार नाही.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. हात लावा. शेणात झोपवण्यात वेळ घालवू नका. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध तळहात ठेवून जोरात दाबायला लागा, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. एक थकला की दुसरा, गाडी येईपर्यंत. यात माणसं परत येतात. हे आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना गावात बोलावून उशीवर किंवा पुतळ्यावर शिकून घ्या, व्हिडिओ बघून हाताला अंदाज येत नाही.

पुराचं बोलू. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात नरखेड तालुक्यातल्या मोवाडची दोनशेच्या वर माणसं गेली. आपल्या जिल्ह्यानं हे विसरायला नको. ऑगस्ट २०२० च्या शेवटी पेंच आणि कन्हानला जो पूर आला, त्याचं मोठं पाणी वरून, मध्य प्रदेशातून आलं होतं. म्हणजे नदीकाठच्या गावानं आपल्या आभाळाकडे बघून ठरवायचं नाही. छिंदवाड्याकडे पाऊस किती, चौराई आणि तोतलाडोह धरणांचं पाणी सोडलं का, हे पावसाळ्यात रोज तलाठ्याला किंवा १०७७ ला विचारणारा एक माणूस हवा.

आणि रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल. फूटभर वाहतं पाणी छोटी कार उचलतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. जुलै २०२२ मध्ये सावनेर तालुक्यात नांदागोमुखजवळ पुलावरून पाणी असताना गाडी घातली आणि आतली माणसं वाहून गेली. रपट्याच्या बाजूला खांब रोवून त्यावर एक लाल रेघ मारा. पाणी रेघेला टेकलं की दोन्ही बाजूंनी दोरखंड बांधायचा आणि तो बांधणाऱ्याचं नावही कागदावर. त्याच्याशी कोणी हुज्जत घालणार नाही, पाहुणा असो की पुढारी, हे गावानं त्याला आधी सांगितलं पाहिजे. तो एकटा पडला की दोरखंड सुटतो.

ऊन आणि आगीचं थोडक्यात. लू लागून माणूस बरळायला लागला तर आधी तिथंच सावलीत अंगावर पाणी ओता, वारा घाला, मग हलवा, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाणी टाकू नका. आगीसाठी, कुटाराच्या गंज्या घरांना आणि एकमेकींना चिकटून रचू नका, आणि फवारणीचा ट्रॅक्टर पंप कोणाकडे आहे ते लिहून ठेवा.

हे सगळं ठरवायची जागा ग्रामसभा. १ मे ची ग्रामसभा यासाठी सर्वात चांगली, कारण त्यानंतर महिना-दीड महिन्यात पाऊस येतो. ग्रामसेवकांना आधीच लेखी अर्ज द्या की हा विषय विषयपत्रिकेवर घ्या. १ मे निघून गेला असेल तर थांबू नका, दहा माणसं देवळात बसली तरी कागद भरता येतो. कागद ग्रामपंचायतीच्या आत लावू नका, रात्री तिथं कुलूप असतं. आटाचक्कीच्या दारावर, किराणा दुकानाबाहेर, बसथांब्यावर लावा, प्लास्टिकमध्ये घालून. आणि लावण्याआधी त्यावरचा प्रत्येक नंबर एकदा रात्री फिरवून बघा. जो उचलत नाही त्याचं नाव खोडा आणि उचलणाऱ्याचं लिहा.

कागदाचा नमुना खाली डिस्क्रिप्शनमध्ये दिला आहे.