करंगळी लागली

नमस्कार श्रोतेहो.

आज मला एका माणसाबद्दल बोलायचंय. त्यांचं नाव सांगायचं नाही, अशी त्यांनीच तंबी दिलीय. "रेडिओवर माझं नाव घेतलंस तर रविवारी तुझ्यासमोर बसणार नाही," असं म्हणालेत. म्हणून आपण त्यांना अण्णा म्हणूया. तसंही आमच्या बेळगावच्या शहापुरात त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही.

आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या खोलीत दर रविवारी संध्याकाळी पाचला कॅरमची लीग चालते. पसारा मोठा नाही. चार बोर्ड आणि वीस-बावीस खेळणारे. कोण वडगावचा, कोण खासबागचा, कोण अनगोळचा. एक निवृत्त मास्तर खानापूरहून बसनं येतात आणि शेवटची बस चुकायला नको म्हणून पहिला सामना मागून घेतात. यंत्रमागावर सहा दिवस काढलेली माणसं सातव्या दिवशी इथं येऊन बसतात. बक्षीस म्हणजे वर्षाअखेरीला एक कप.

अण्णा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात टर्नर होते. तरुणपणी लेथवर अपघात झाला आणि उजव्या हाताच्या अनामिकेचं वरचं पेर गेलं. तरीही त्याच हातानं ते खेळतात. पट्टीवर स्ट्रायकर ठेवला की एकदा नुसतं बोट टेकवून बघतात, मग मान जरा डावीकडे कलते आणि तर्जनी सुटते. आवाज फार होत नाही त्यांच्या फटक्याचा. आमच्यातले जवान गडी बोर्ड फोडायला निघाल्यासारखे मारतात. अण्णांची सोंगटी मात्र पॉकेटच्या तोंडाशी जाऊन जरा थांबल्यासारखी वाटते आणि मग आत पडते.

आता तो दिवस सांगतो. गेल्या वर्षीचा अंतिम सामना, ऐन श्रावणातला. बेळगावचा पाऊस तुम्हाला नव्यानं सांगायला नको. त्या दिवसांत प्लायवूड ओल धरतं, सोंगट्या चिकटतात आणि कितीही पावडर टाका, स्ट्रायकर अर्ध्यात मरतो. त्यामुळे पावसाळ्यात अण्णा चारलाच येतात. प्रत्येक बोर्डावरचा दिवा खाली ओढून लावतात, बोर्ड तासभर तापू देतात, मग जुन्या मलमलीच्या फडक्यानं कडेपासून मध्याकडे पुसत आणतात. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नाही. त्या दिवशी तर ते स्वतःच अंतिम सामना खेळणार होते आणि त्यांच्यासमोर मी होतो. माझ्या बाजूची पट्टी त्यांनी माझ्याआधी पुसून ठेवली होती.

एकेक गेम दोघांचा झाला होता. तिसऱ्यात सात बोर्ड संपले तेव्हा माझे वीस गुण, अण्णांचे एकोणीस. आठवा बोर्ड शेवटचा. ज्यांनी फक्त घरी, सुट्टीत कॅरम खेळलाय त्यांच्यासाठी सांगतो. गेम पंचवीस गुणांचा असतो किंवा आठ बोर्डांचा, जे आधी होईल ते. बोर्ड जिंकणाऱ्याला समोरच्याच्या उरलेल्या सोंगट्यांचा एकेक गुण मिळतो आणि राणी त्यानं घेऊन कव्हर केली असेल, म्हणजे तिच्या पाठोपाठ आपली सोंगटी घेतली असेल, तर तिचे आणखी तीन. राणी अण्णांनी आधीच घेतली होती. त्यांची एक पांढरी उरली होती आणि माझ्या दोन काळ्या. ती पांढरी गेली की दोन अधिक तीन, पाच गुण. एकोणीसचे चोवीस. सामना खलास.

पांढरी डावीकडच्या पॉकेटजवळ होती, पण माझ्या एका काळीच्या आडोशाला. अण्णांनी बारीक कट मारला. पांढरी गेली. खोलीत टाळ्या सुरू झाल्या. खानापूरच्या मास्तरांनी त्या दिवशी बसही सोडली होती. ते उठून उभे राहिले. मी हात पुढे केला. पंचानं वहीत आकडा लिहायला घेतला.

अण्णांनी माझा हात धरला नाही. बोर्डाकडे बघत म्हणाले, "थांबा. लागली."

पंच म्हणाला, "काय लागली?"

"करंगळी. काळीला लागली. फाउल आहे."

कुणी पाहिलं नव्हतं. पंचानं नाही, मीही नाही. सोंगटी जेमतेम पाच ग्रॅमची असते. ती केसभर सरकली की नाही, हे त्या दिव्याखाली बसलेल्या वीस जोडी डोळ्यांना कळलं नाही. एकानं तर म्हटलं, "हुय अण्णा, खरं आम्हाला काय दिसलं नाही. असू दे की." अण्णांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पॉकेटच्या जाळीत हात घालून त्यांनी स्वतः पांढरी बाहेर काढली, ड्यूची, म्हणजे दंडाची, आणखी एक काढली आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवल्या.

श्रोतेहो, ड्यूची सोंगटी कुठं ठेवायची हे समोरचा खेळाडू ठरवतो. आमच्या खेळात हा हक्क आहे. आणि आज मी जे सांगतोय ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी त्या दोन पांढऱ्या त्यांना सगळ्यात अवघड पडतील अशा जागी, अगदी विचार करून ठेवल्या. हात थरथरत होता, तरी ठेवल्या. अण्णांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "बरोबर ठेवलास. तिथंच पाहिजे." त्यात टोमणा नव्हता. कारखान्यात एखाद्या पोरानं माप बरोबर घेतलं की वस्ताद जसं म्हणेल, तसं म्हणाले.

पाळी माझी. माझ्या दोन्ही काळ्या गेल्या. बावीस विरुद्ध एकोणीस. कप मला मिळाला. तो माझ्या घरी टीव्हीशेजारी आहे आणि कुणी विचारलं की मी अण्णांच्या त्या फाउलची गोष्ट सांगतो. त्याशिवाय त्या कपाबद्दल मला बोलताच येत नाही.

पुढच्या रविवारी अण्णा आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला चिंधी बांधलेली दिसली. दुखापत झाली असेल असं वाटलं. जवळ जाऊन बघितलं तर त्यांनी करंगळी त्या तुटक्या अनामिकेला मऊ सुती पट्टीनं बांधून घेतली होती. अनामिकेला पेर नाही, त्यामुळे फटका मारताना करंगळीला आधार राहत नाही आणि ती खाली येते, हे त्यांनी आठवडाभर घरी सराव करून शोधून काढलं होतं. म्हणाले, "समोरच्याच्या सोंगटीला आपला हात कशाला लागायला पाहिजे?" तेव्हापासून ती पट्टी आहे. दर सामन्याआधी ते दातांनी गाठ ओढून घट्ट करतात.

चेन्नईचे मारिया इरुदयम, दोनदा जगज्जेते, त्यांना १९९६ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. कॅरमसाठी तो पहिलाच. आमच्या खोलीतल्या पोरांना त्यांचं नाव पाठ आहे आणि ते असायलाच पाहिजे. पण मला वाटतं, त्या पोरांनी अण्णांची ती पट्टीही तितक्याच जवळून बघावी.

आणखी एक सांगतो. आमच्याकडे कानडी बोलणारी मुलंही येतात. एकदा असाच एक मुलगा हरला आणि रागानं त्यानं बोर्ड उलटा केला. सोंगट्या खोलीभर. याला पुन्हा येऊ द्यायचं नाही, असं बहुतेकांचं मत पडलं. माझंही तेच होतं. अण्णा काही बोलले नाहीत. गुडघ्यावर बसून त्या मुलाबरोबर सोंगट्या गोळा करायला लागले. 'ओंदु, एरडु, मूरु' असं त्याच्या भाषेत मोजत. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या. राणी सापडत नव्हती. ती कपाटाखाली निघाली. मुलानंच शोधली. "राणी सिक्तु," म्हणाला. राणी दोन्ही भाषांत राणीच. तो मुलगा आज आमचा पंच आहे. त्या अंतिम सामन्यात वही त्याच्याच हातात होती.

सीमाभागात आपण राहतो. दुकानाच्या पाटीपासून बसच्या फळीपर्यंत कशावर काय लिहिलंय, याकडे आपलं लक्ष असतं, आणि त्यामागं दुखणं खरं आहे. ते मी कमी लेखत नाही. अण्णाही लेखत नाहीत. बेळगाव कर्नाटकात गेलं त्याच्या निषेधाच्या, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला त्यांच्या दंडावर काळी फीत असते. आणि रविवारी त्याच हातानं ते त्या मुलाला कट कसा मारायचा ते दाखवतात.

येत्या रविवारी अण्णांना सत्तर वर्षं पूर्ण होतात. मंडळानं त्यांचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, फेटा हे तर आहेच. भेट काय द्यायची यावर दोन बैठका झाल्या. वर्गणी काढली, त्यातून चांगला फॅन घ्यावा की मनगटी घड्याळ, यावर वाद झाला. शेवटी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "बुटक्या पायांचं एक स्टँड करून घ्या. बारकी पोरं स्टुलावर गुडघे टेकून खेळतात, त्यांचे हात नीट पोचत नाहीत. मग कोपर सोंगट्यांना लागतं आणि त्यांना कळतही नाही." सुताराला काम दिलंय. शनिवारपर्यंत स्टँड तयार होईल.

तर श्रोतेहो, रविवारी संध्याकाळी पाच वाजता. आमच्या भागातल्या कुणालाही अण्णांचं घर विचारा, त्याच गल्लीच्या तोंडाशी मंडळाची खोली आहे. कुंदा सगळ्यांना पुरेल इतका सांगितलाय, खुर्च्या मात्र मोजक्या आहेत, तेव्हा जरा लवकर या. भाषणं दोनच होतील. त्यानंतर एक गेम ठेवलाय, अण्णा आणि मी. तो त्यांनीच मागून घेतलाय. बोर्ड तापवायला या वेळी चारला मी जाणार आहे, आणि दोन्ही बाजूच्या पट्ट्या मीच पुसणार आहे.

नमस्कार.